ऑडिट म्हणजे ऐकणे

ऑडिटचे दिवस आले की हिशेब खात्यात दप्तरांची काढघाल सुरू होते. सभासदाला मात्र वाटतं, हे आकडेमोडीचं काम, आपला त्यात काय संबंध? आम्ही शेतकी खात्यातली माणसं, हिशेबाचं शास्त्र आमचं नव्हे. पण या शब्दाचं मूळ शोधत गेलो, ते थेट सभासदाच्या कानापाशी येऊन थांबलं.

ऑडिट हा इंग्रजी शब्द लॅटिनमधून आलेला आहे. लॅटिनमध्ये 'ऑडिरे' म्हणजे ऐकणे. ऑडिओ, ऑडिटोरियम हे त्याच घराण्यातले शब्द. मग हिशेबाचं आणि कानाचं नातं कसं जुळलं?

मध्ययुगात इंग्लंडमधल्या जमीनदारांच्या जमिनी कारभारी पाहत. धान्य किती पिकलं, किती विकलं, जनावरं किती उरली, हे कारभाऱ्याला वर्षअखेर सांगावं लागे. लिहिता-वाचता येणारे थोडे. म्हणून हिशेब मोठ्यानं सांगायचा, धन्याच्या माणसांनी समोर बसून ऐकायचा आणि शंका आली की तिथंच विचारायचं. ऐकणारा तो ऑडिटर.

देण्याघेण्याची खूण म्हणून काठीवर खाचा पाडत, ती उभी चिरत आणि एकेक भाग दोघांकडे ठेवत. दोन्ही भाग जुळले की हिशेब खरा. आपल्या वजनकाट्याच्या पावतीची एक प्रत कारखान्याकडे आणि एक आपल्याकडे राहते, त्यातलं तत्त्व हेच. इंग्लंडच्या सरकारी खजिन्यात या काठ्या १८२६ पर्यंत चालल्या. १८३४ साली जुन्या काठ्या भट्टीत जाळताना पार्लमेंटची इमारतच पेटली!

पुढे वह्या आल्या, ऐकण्याचं काम वाचण्यावर गेलं. शब्द तेवढा जुनाच राहिला.

आता आपल्या वार्षिक सभेकडे पाहू. अहवालाचं वाचन निम्म्यावर येतं न येतं तोच मागून "मंजूर, मंजूर!" असा गजर होतो. ऑडिटर वह्या तपासतो हे खरं, पण ऐकण्याचा मान मालकाचा, आणि सहकारात मालक म्हणजे सभासद. न ऐकता मंजुरी दिली तर ऑडिट अर्धंच झालं म्हणायचं.

तेव्हा सभासद बंधू-भगिनींनो, अहवाल हाती पडला की घरी वाचा, नाहीतर मुलांकडून वाचून घ्या. गाळप, उतारा, तोडणी-वाहतूक खर्च आणि कर्ज, या चार आकड्यांवर खूण करा. न समजलेलं सभेत उठून विचारा. काट्याच्या पावत्याही जपून ठेवा. आपल्या हातातली अर्धी काठी तीच आहे.