आढींतील आंबे व फळमाशी

परसांतील आंब्याला भरपूर फळ धरलें, तरी त्यांपैकीं किती आपल्या मुखीं लागेल हें पुष्कळ अंशीं आपल्याच दक्षतेवर अवलंबून असतें. पहिला पाऊस पडला कीं आंब्यांत अळी होते, असें आपण वडील माणसांकडून ऐकतों. पावसाचा व अळीचा संबंध आहे खरा. परंतु अळी पावसाबरोबर येत नाहीं. ती फळमाशीची संतति होय.

फळ पाडाला आलें कीं या माशीची मादी सालीला बारीक छिद्र पाडून आंत अंडीं घालते. थोड्याच दिवसांत अळ्या निघून गर खाऊं लागतात. फळ सडून गळतें. पूर्ण वाढलेल्या अळ्या त्यांतून बाहेर पडून मातींत शिरतात व तेथें कोश करतात. त्या कोशांतून नवी माशी निघते. दमट हवा तिला मानवते, म्हणून पावसाळा जवळ येतांच तिची संख्या वाढते.

एके वर्षीं आमच्या झाडाखालचे सडके आंबे मीं तसेच पडूं दिले. पुढें मागास फांद्यांवरील आंबे कापून पाहतों, तों बहुतेक किडके! मुलें ताटें घेऊन बसलीं होतीं. त्यांचे चेहरे पाहून मला माझ्या आळसाची लाज वाटली.

तेव्हां पहिला उपाय हा, कीं गळलेलीं फळें रोज वेंचून खोल पुरावीं व झाडाखालची माती उकरावी, म्हणजे कोश उघडे पडून नाश पावतात. दापोलीच्या कृषि विद्यापीठाचा 'रक्षक' सापळाही झाडाला टांगावा. त्यांतील मिथाईल युजेनॉलच्या वासानें नर माशा आंत शिरून मरतात.

दुसरा उपाय वेळीं तोडणी. आंबा झाडावर पिकण्याची वाट पाहूं नये. देंठाजवळचे खांदे भरून वर आले, रंग किंचित निवळला व फळ पाण्यांत बुडालें, म्हणजे तें जून झालें असें समजावें. सकाळच्या थंड वेळीं, बोटभर देंठ ठेवून, झेल्यानें तें अलगद उतरावें. देंठ मुळाशीं तुटल्यास चीक ओघळून सालीवर डाग पडतात.

मग हवेशीर खोलींत भाताच्या पेंढ्यावर आढी घालावी. फळ स्वतःच इथिलीन नांवाचा वायु सोडतें व त्यायोगें पिकतें. आठदहा दिवस धीर धरावा आणि रोज पाहणी करून नासका आंबा काढून टाकावा. घाईसाठीं कार्बाइड मात्र कधींही वापरूं नये. त्यांत आर्सेनिक व फॉस्फरस यांचे विषारी अंश असूं शकतात, आणि भारतांत त्यानें फळें पिकविण्यास कायद्यानें बंदी आहे. शिवाय अशा फळाची साल पिवळी होते, पण गोडी येत नाहीं.

मे महिन्याच्या सुटींत रोज सकाळीं टोपली घेऊन झाडाखालीं जाण्याचें काम मुलांनीं आपल्याकडे घ्यावें. वेंचलेलें प्रत्येक किडकें फळ म्हणजे वांचविलेलीं अनेक चांगलीं फळें होत.