गोड बातमी कुणाची?

आमच्या 'गोतावळा' ग्रुपची मी अ‍ॅडमिन. मेंबर ८३, इस्लामपूर, मिरज, पुणे, एक भाचा थेट मेलबर्नला. पहाटे पाचला मामेसासऱ्यांचं 'शुभ प्रभात' पडलं की कळतं, म्हातारबुवा ठणठणीत आहेत. एकदा ते आलं नाही, तर नऊच्या आत तिघांचे फोन गेले. (डेटा पॅक संपला होता.) त्या गुलाबाच्या चित्रांना हसणाऱ्यांनी हसावं, मी ती डिलीट करत नाही.

मार्चमध्ये धाकट्या जाऊबाईंचा फोन आला. पुण्याच्या पुतणीला दिवस राहिले होते. "ताई, तीन महिने होऊ देत, मग सांगू सगळ्यांना," असं त्या म्हणाल्याही. पण मला कुठला दम! पाळण्याचं चित्र लावून 'गोड बातमी' टाकून मोकळी झाले. अर्ध्या तासात चौतीस अभिनंदनं आली आणि मग पुतणीचा फोन.

"काकू, आधी ते डिलीट कर. ऑफिसात मी अजून कुणालाच सांगितलं नव्हतं."

चुलत नणंदेचा जावई तिच्याच ऑफिसात. त्याने जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांदेखत तिचं अभिनंदन केलं होतं. मी 'डिलीट फॉर एव्हरीवन' दाबलं. पाठवल्यापासून साधारण अडीच दिवस ती सोय असते. पण मेसेज गेला तरी तो डिलीट केल्याची ओळ मागे राहते. ती पाहून ज्यांनी काही वाचलंच नव्हतं, तेही विचारू लागले, "काय होतं?"

व्हॉट्सअ‍ॅपच्या मेसेजला २०१६ पासून कुलूप असतं, मधे कंपनीलाही वाचता येत नाही, हे मीच सगळ्यांना ऐटीत सांगायची. आमच्या ग्रुपात त्या कुलपाच्या ८३ किल्ल्या आहेत, हे डोक्यात आलं नव्हतं.

माझ्या आईला हे बरोबर कळायचं. गाडीची वेळ, कैऱ्या पोचल्या का, हे पोस्टकार्डावर. पोस्टमनने वाचलं तरी बिघडत नाही. लेकीला दिवस गेलेत, जावई धड वागत नाही, असलं सगळं आंतर्देशीय पत्रात, वर कडेला भाताचं शीत चोळून.

पुतणीकडेही तिचं आंतर्देशीय आहे. मे महिन्यात आली तेव्हा तिने दाखवलं: इन्स्टाग्रामवर 'क्लोज फ्रेंड्स'ची यादी, अकरा नावं. त्यांनाच दिसणाऱ्या स्टोरीला हिरवं कडं असतं, चोवीस तासांत ती जाते.

"आणि व्हॉट्सअ‍ॅपवर तू स्टेटस ठेवतच नाहीस ना?" मी विचारलं.

"ठेवते की. तुम्हा काकू-आत्यांना वगळून."

दोन दिवस मी घुश्शात होते. तिसऱ्या दिवशी माझ्याच फोनचं सेटिंग उघडलं. स्टेटस कुणाला दिसावं, तिथे 'माय कॉन्टॅक्ट्स'. म्हणजे ज्यांचा नंबर माझ्याकडे नि माझा त्यांच्याकडे, ते सगळे: गॅसवाला, टेलर, नळ दुरुस्त करणारा. गेल्या वर्षी काशीला गेलो तेव्हा घाटावरचे फोटो टाकून घराला आठवडाभर कुलूप असल्याचं मी या सगळ्यांना कळवलं होतं.

ऑक्टोबरात पुतणीला मुलगी झाली. ग्रुपवर बातमी तिनेच दिली, फोटो फक्त दोन तळपायांचा. खाली लिहिलं होतं, 'तोंड बघायचं तर बारशाला या.'

आम्ही एकोणतीस जण गेलो.