वजाबाकीतून उगवणारा कण

के-स्टार मेसॉन कुठल्याही यंत्राला थेट दिसत नाही. जिनिव्हाजवळ, फ्रान्सच्या हद्दीत जमिनीखाली उभ्या असलेल्या ‘ॲलिस’ प्रयोगात शिशाची अणुकेंद्रके एकमेकांवर आदळतात. त्यातून स्ट्रेंज क्वार्क असलेला हा कण जन्मतो आणि प्रकाश ४ फर्मी अंतर कापेल एवढ्या वेळात संपतो. शिशाच्या अणुकेंद्राचा व्यासच १४ फर्मीच्या आसपास असतो. त्यामुळे आजूबाजूच्या कणांची गर्दी पांगण्याआधीच तो बहुधा फुटलेला असतो. यंत्रापर्यंत पोचतात त्याची दोन अपत्ये, एक केऑन आणि एक पायॉन.

ती ओळखायची तर जोड्या लावाव्या लागतात. ५ मीटर व्यासाच्या, वायूने भरलेल्या नळकांड्यातून जाताना विद्युतभारित कण इलेक्ट्रॉनांची रेघ मागे सोडतो. चुंबकीय क्षेत्रात रेघ किती वळली यावरून त्याचा संवेग कळतो आणि ती किती दाट आहे यावरून जात. समोरासमोरच्या एका टकरीत हजारो पायॉन निघतात, शेकडो केऑन. कोण कोणाचे भावंड, याची खूण कुणावरच नसते. म्हणून प्रत्येक केऑन विरुद्ध भाराच्या प्रत्येक पायॉनशी जोडायचा आणि त्या जोडीचे वस्तुमान काढायचे. जोड्या लाखांनी होतात. खऱ्या त्यात मोजक्याच.

पहिला आलेख पडद्यावर येतो तेव्हा दिसते ती फक्त एक गुळगुळीत टेकडी. ८९६ मेगाइलेक्ट्रॉनव्होल्टपाशी, जिथे के-स्टार असायला हवा, तिथे नजर कुठेच अडत नाही. मग आपण एका टकरीतला केऑन दुसऱ्याच टकरीतल्या पायॉनशी जोडतो. ही भावंडे असूच शकत नाहीत, म्हणून त्यांचा आलेख म्हणजे निव्वळ योगायोगाचा आलेख. तो वजा केला की नेमक्या जागी उंचवटा वर येतो. कितीही वेळा पाहिला तरी हा क्षण मला शिळा वाटत नाही. पण मिसळलेल्या टकरी सारख्याच गर्दीच्या हव्यात, त्यांचे टकरबिंदूही जवळजवळचे हवेत. नाहीतर उंचवटा निसर्गाचा नव्हे, आपल्याच निष्काळजीपणाचा असतो.

खरी गोष्ट कळते ती मोजणीतून. प्रोटॉन-प्रोटॉन टकरींत केऑनांच्या तुलनेत जितके के-स्टार मिळतात, त्याहून समोरासमोरच्या शिसे-टकरींत ढोबळमानाने एक तृतीयांश कमी मिळतात. घट मुख्यतः कमी संवेगाच्या कणांत दिसते. दहापट अधिक जगणाऱ्या फाय मेसॉनात अशी घट नाही, कारण तो बहुतेकदा गर्दी विरळ झाल्यावर फुटतो. के-स्टार मात्र गर्दीतच फुटतो. त्याचा पायॉन शेजारच्या कणांवर आपटून दिशा बदलतो आणि मग ती जोडी आपल्या हिशेबात बसत नाही.

भुवनेश्वरची नायसर, कोलकात्याचे व्हीईसीसी, पवईची आयआयटी मुंबई अशा भारतीय संस्थाही या प्रयोगात आहेत. इथे अचूक मोजायची असते ती तूट. ती सांगते, की कण घडून गेल्यावरही टकरीचा गोळा काही फर्मी-काळ धुमसत राहिला आणि कण एकमेकांवर आदळत राहिले. त्याच काळात सुटे केऑन आणि पायॉन भेटून नवे के-स्टारही घडतात आणि तूट थोडी भरून काढतात. त्यामुळे हाती येणारा आकडा त्या काळाची किमान मर्यादा असतो. प्रत्यक्षात तो गोळा त्याहून अधिक काळ टिकलेला असणार.