ऑनलाइन शिक्षणाची मानके आणि आपण

मिरज जंक्शनवर एकेकाळी रुंद, मीटर आणि अरुंद अशा तिन्ही मापांचे रूळ एकत्र येत. एका मापाच्या वाघिणीतला माल दुसऱ्या मापाच्या वाघिणीत चढविण्यात वेळ जाई, पैसा जाई आणि मालाच्या मूल्यात मात्र काडीचीही भर पडत नसे. ऑनलाइन शिक्षणाच्या क्षेत्रात मापांचा हाच प्रश्न गेली साडेतीन दशके चर्चिला जात आहे; पण आपल्या शिक्षकवर्गाचे लक्ष त्याकडे फारसे गेलेले दिसत नाही.

या प्रश्नाचा आरंभ शाळेत नव्हे, विमान उद्योगात झाला. वैमानिकांना व तंत्रज्ञांना संगणकावरून शिकविण्याचे पाठ जो तो आपापल्या पद्धतीने रची आणि ते चालविण्यास निराळी सामग्री घ्यावी लागे. हा दुहेरी खर्च टळावा म्हणून १९८८ मध्ये या उद्योगाने 'एआयसीसी' ही समिती स्थापन केली. १९९७ मध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्याने 'एडीएल' हा उपक्रम हाती घेतला आणि विखुरलेले नियम एकत्र करून 'स्कॉर्म' हे मानक सिद्ध केले. त्याची पहिली आवृत्ती २००० साली आली; २००१ ची १.२ ही आवृत्ती तर इतकी रुजली की ती आजही वापरात आहे. एका यंत्रणेसाठी रचलेला पाठ दुसऱ्या यंत्रणेत जसाच्या तसा चालावा, हे तिचे मुख्य सूत्र होय.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने याचे महत्त्व मोठे आहे. एक विक्रेता सोडून दुसऱ्याकडे जाण्याचा खर्च जेथे भारी असतो, तेथे ग्राहक बांधला जातो आणि स्पर्धा नावापुरतीच उरते. सर्वांना खुले असलेले मानक ही बेडी सैल करते.

परंतु मानक निरुपद्रवी नसते. काय मोजायचे हेही तेच ठरविते. 'स्कॉर्म १.२' मध्ये विद्यार्थ्याच्या पाठाच्या सहाच अवस्था नोंदविता येतात : उत्तीर्ण, पूर्ण, अनुत्तीर्ण, अपूर्ण, नुसता चाळलेला आणि न उघडलेला. विमानाच्या तंत्रज्ञाने सुरक्षेचा पाठ पुरा केला की नाही, हे पाहण्यास एवढे पुरेसे असेल. मागणीचा नियम विद्यार्थ्याला समजला, की त्याने तो घोकला, हे त्यातून कळत नाही. पुढे २००४ च्या आवृत्तीने 'पूर्ण' आणि 'उत्तीर्ण' यांची फारकत केली. २०१३ मध्ये स्थिरावलेल्या 'एक्सएपीआय' या मानकाने 'कोणी काय केले' अशा वाक्यांच्या रूपाने, यंत्रणेबाहेरचे शिकणेही नोंदविण्याची सोय केली. पुढच्याच वर्षी मूळ विमान समिती विसर्जित झाली. नोंद अशी सूक्ष्म होत गेली तसा नवा प्रश्न उभा राहिला : ही वही कोणाच्या ताब्यात राहणार?

आपल्याकडे 'दीक्षा' आणि 'स्वयम्' हे सरकारी मंच २०१७ साली सुरू झाले. पैकी 'दीक्षा' ही 'सनबर्ड' या खुल्या संगणकप्रणालीवर उभी आहे, ही समाधानाची बाब. महाविद्यालयांची कथा निराळी आहे. २०२० च्या टाळेबंदीत जी यंत्रणा हाती लागली ती घाईघाईने घेतली गेली. आमच्याही महाविद्यालयात तसेच झाले. दोन वर्षांनी करार संपला, तेव्हा ध्वनिचित्रफिती परत मिळाल्या. पण शिक्षकांनी रचलेले प्रश्न आणि विद्यार्थ्यांच्या नोंदी मिळाल्या नाहीत. त्या सुट्टीत आम्ही प्रश्न पुन्हा टंकलिखित करीत बसलो. मिरजेच्या हमालांहून आमची स्थिती फारशी वेगळी नव्हती. फरक इतकाच की त्यांना मजुरी मिळत असे.

हा दोष एका विक्रेत्याचा म्हणून सोडून देता येणार नाही. करारात मागितलेच नव्हते, ते मिळावे तरी कसे? यापुढे निविदेतच तीन अटी असाव्यात : पाठ व प्रश्न मान्यताप्राप्त खुल्या मानकात परत मिळावेत, विद्यार्थ्याची नोंद त्याला मागताक्षणी मिळावी, आणि करार संपताच विक्रेत्याकडील प्रत नष्ट व्हावी. विद्यापीठांनी या अटी संलग्न महाविद्यालयांस बंधनकारक केल्या, तर एकेकट्या प्राचार्याला विक्रेत्याशी झगडावे लागणार नाही. मात्र 'पूर्ण' कशाला म्हणावे, हे ठरविण्याच्या बैठकीत शिक्षकालाही खुर्ची हवी. ती आपण होऊन कोणी देणार नाही, मागावीच लागेल.