गेम बंद कोणी केला?

सेमिनारमध्ये गेममधल्या बायकांचा विषय निघाला की पाचव्या मिनिटाला कुणीतरी 'पण ही सेन्सॉरशिप झाली' म्हणतंच. मी ब्रिटनमध्ये शिकवते, हे वाक्य मला आता पाठ झालंय. वैताग येतो, पण प्रश्न टाकाऊ नाही. फक्त तो विचारताना टीका, दुकानदाराचा नकार आणि कायद्याची बंदी हे तिन्ही आपण एकाच पोत्यात भरतो. ब्रिटनमध्ये या तिन्ही गोष्टी घडून गेल्यात, म्हणून जरा मागे जाऊ.

१९८४ च्या व्हिडिओ रेकॉर्डिंग्ज कायद्यात बहुतेक गेमना सूट होती. पण माणसांवरची भीषण हिंसा किंवा लैंगिक दृश्यं असतील, तर गेम सिनेमांच्या बोर्डाकडे, म्हणजे बीबीएफसीकडे न्यावा लागे. १९९७ मध्ये 'कारमागेडन' तिथे अडकला. गाडीखाली पादचारी चिरडायचे आणि गुण मिळवायचे, असा तो खेळ. बोर्डाने प्रमाणपत्र नाकारलं. प्रकाशकाने माणसांच्या जागी हिरव्या रक्ताची भुतं घालून गेम विकला आणि दुसरीकडे अपील केलं. अपील समितीने त्याच्या बाजूने निकाल दिला.

दहा वर्षांनी 'मॅनहंट २'. याच्या पहिल्या भागाचं नाव २००४ मध्ये लेस्टरमधल्या एका शाळकरी मुलाच्या खुनाशी जोडलं गेलं होतं. पोलिसांच्या मते हेतू लुटीचा होता, आणि गेमची प्रत सापडली ती मारल्या गेलेल्या मुलाकडे. तरी लेस्टर ईस्टचे खासदार कीथ वाझ (हो, घराणं मूळचं गोव्याचंच) यांनी हिंसक गेमचा प्रश्न लावून धरला. जून २००७ मध्ये बोर्डाने 'मॅनहंट २' नाकारला. सुधारून आणलेली आवृत्तीही नाकारली. प्रकाशक अपिलात जिंकला, बोर्ड उच्च न्यायालयात गेलं. तिथे न्यायाधीश म्हणाले की समितीने 'हानी' या शब्दाचा कायदेशीर अर्थच चुकीचा लावलाय, पुन्हा बघा. समितीने २००८ मध्ये पुन्हा बघितलं आणि पुन्हा प्रकाशकालाच कौल दिला. गेम १८ वर्षांवरील लोकांसाठी म्हणून विक्रीला आला.

मराठी वाचकाला हा सगळा प्रकार ओळखीचा वाटेल. १९७२ मध्ये 'सखाराम बाइंडर'वर परिनिरीक्षण मंडळाची कात्री आली तेव्हा कमलाकर सारंग मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि नाटक पुन्हा उभं राहिलं. बंदी वाईटच, पण तिला पत्ता होता. कोणी घातली, का घातली, कुठे दाद मागायची, हे ठाऊक होतं.

आता एक गंमत बघा. ब्रिटनमधल्या या दोन्ही लढायांत वाद झाला तो क्रौर्यावर आणि मुलांवर होणाऱ्या परिणामांवर. बायकांचं काय, हा प्रश्न मध्यभागी आला २००९ मध्ये, 'रेपले' नावाच्या जपानी गेममुळे. त्यात खेळणाऱ्याने एका आईवर आणि तिच्या दोन मुलींवर बलात्कार करायचा असतो. अॅमेझॉनवर एक त्रयस्थ विक्रेता तो विकत होता. बोर्डाकडे हा गेम कुणी नेलेलाच नव्हता. बातमी आली, अॅमेझॉनने तो काढून टाकला. वाझ संसदेत प्रश्न मांडणार म्हणाले, पण तोवर काम झालं होतं. कायद्याला हातही लावावा लागला नाही.

टीकेचं उदाहरण त्यानंतरचं. एडिनबरामध्ये तयार झालेला 'ग्रँड थेफ्ट ऑटो ५' २०१३ मध्ये आला. गेमस्पॉटवर कॅरोलिन पेटिट यांनी त्याला दहापैकी नऊ गुण दिले, आणि वर गेममध्ये स्त्रीद्वेष आहे असंही लिहिलं. नऊ गुण! तरीही त्यांना कामावरून काढा म्हणून हजारो सह्यांचा अर्ज निघाला. गेम कुणीच बंद केला नव्हता. गप्प करायचं होतं ते टीका करणारीला.

२०१२ पासून ब्रिटनमध्ये पेगीचं वयाचं चिन्ह कायद्याने बंधनकारक आहे. ते मुख्यतः रक्त, शिव्या, नग्नता, जुगार असलं मोजतं. गोष्टीत बाई कशासाठी ठेवलीय, हे विचारायला त्यात फारशी जागा नाही. शिवाय हा कायदा दुकानातल्या डिस्कचा, डाउनलोडचा नाही.

ही फट दिसली एप्रिल २०२५ मध्ये. स्टीमवर 'नो मर्सी' नावाचा, बायकांवरच्या लैंगिक अत्याचाराभोवतीच रचलेला गेम आला. तंत्रज्ञान मंत्री पीटर काइल यांनी चिंता व्यक्त केली, पण थांबवण्यासाठी मंडळापुढे काही आलेलंच नव्हतं. ओरड झाल्यावर तो आधी ब्रिटनसह काही देशांत दिसेनासा झाला, मग बनवणाऱ्यांनीच काढून घेतला. मला त्याचं काडीचंही दुःख नाही.

त्रास पुढे आहे. या गेमविरुद्ध उभ्या राहिलेल्या 'कलेक्टिव्ह शाउट' या ऑस्ट्रेलियन गटाने जुलैमध्ये थेट कार्ड आणि पेमेंट कंपन्यांना खुलं पत्र लिहिलं. काही दिवसांत स्टीमने बरेच गेम हटवले. इच.आयओ या छोट्या निर्मात्यांच्या अड्ड्याने तर सगळाच प्रौढ मजकूर शोधातून काढला, तोही पूर्वसूचना न देता. त्यात अत्याचाराचा बाजार मांडणारे गेले, तसेच स्वतःच्या शरीराबद्दल, समलिंगी प्रेमाबद्दल गेम करणारे एकटेदुकटे लोकही गेले. म्हणजे स्त्रीवादी म्हणून ज्यांचं काम मी वर्गात दाखवते, तेच.

मास्टरकार्डने जाहीर केलं की आम्ही कुठला गेम तपासलेला नाही, कायदेशीर खरेदी आम्हाला चालते. स्टीम चालवणारी व्हॉल्व्ह म्हणाली, आमच्याशी मास्टरकार्ड थेट बोललंच नाही. मधल्या कंपन्यांनी मास्टरकार्डच्याच नियमावर बोट ठेवलं. प्रत्येकाचं बोट दुसऱ्याकडे. सारंगांनी इथे कोणाच्या विरोधात अर्ज केला असता, सांगा.

पुढच्या सेमिनारला मी दोन मजकूर शेजारी शेजारी ठेवणार आहे. एक, 'मॅनहंट २' का नाकारला हे सांगणारं बोर्डाचं २००७ चं निवेदन. दुसरं, जुलै २०२५ मध्ये स्टीमने नियमावलीत घातलेलं कलम: पेमेंट कंपन्या, कार्ड नेटवर्क आणि बँकांच्या नियमांत न बसणारा मजकूर चालणार नाही. बाई हा शब्द त्या कलमात नाही, हानी हा शब्दही नाही. मुलांना विचारणार आहे, यातलं कुठलं खोडायला तुम्हाला सोपं जाईल?