दिल्लीच्या वारसा फेऱ्या : पाहिलेली वास्तू हरवत नाही

राजधानी दिल्लीत शेकडो वर्षे जुन्या वास्तू केवळ पर्यटनस्थळांवरच नव्हे, तर निवासी वसाहतींच्या गल्ल्यांत आणि बाजारपेठांच्या आडोशालाही उभ्या आहेत. नागरिकांना या वास्तूंची ओळख प्रत्यक्ष पायी फिरून करून देणाऱ्या इतिहासकारांमध्ये डॉ. स्वप्ना लिडल यांचे नाव अग्रक्रमाने घेतले जाते. ‘हेरिटेज वॉक’ अर्थात वारसा फेरीकडे सहसा सुटीतील विरंगुळा म्हणून पाहिले जाते. मात्र, वारसा जतनाच्या कामातही तिचे मोल मोठे आहे, हे दिल्लीच्या अलीकडील अनुभवावरून स्पष्ट होते.

फेरीचे स्वरूप

लिडल या एकोणिसाव्या शतकातील दिल्लीच्या अभ्यासक आहेत. भारतीय सांस्कृतिक निधी, म्हणजेच ‘इंटॅक’ या १९८४ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेच्या दिल्ली शाखेच्या संयोजकपदाची धुराही त्यांनी सांभाळली आहे. अनेक वर्षे फेऱ्यांचे नेतृत्व केल्यानंतर २०११ मध्ये त्यांनी शहरातील चौदा ऐतिहासिक मार्गांची माहिती देणारे पुस्तक लिहिले. ते हाती घेऊन वाचक स्वतंत्रपणेही ही भ्रमंती करू शकतो.

इतिहासाच्या पुस्तकात जे समजण्यास अवघड जाते, ते फेरीत डोळ्यांसमोर उलगडते. कुतुबमिनार परिसर आणि त्यालगतचे मेहरौली पुरातत्त्व उद्यान हे याचे उत्तम उदाहरण होय. येथील कुव्वत-उल-इस्लाम मशिदीच्या दर्शनी भिंतीतील कमानी पाहताच नजरेत भरतात. परंतु त्यांचे दगड आडवे, एकापुढे एक थोडे सरकवून रचलेले आहेत. स्थानिक कारागिरांना खांब आणि तुळयांची रचना परिचित होती, कमानीची नव्हे. जवळच तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातील सुलतान बल्बनची कबर आहे. तेथे पाचरीच्या आकाराचे दगड एकमेकांना पेलून धरतात. भारतातील खऱ्या कमानीच्या सर्वांत जुन्या उदाहरणांत या वास्तूची गणना होते. पुढे १३११ मध्ये बांधलेल्या अलाई दरवाजात हेच तंत्र परिपक्व झालेले दिसते. सुमारे शतकभराचे स्थित्यंतर असे काही तासांच्या पायपिटीत समजून घेता येते.

नोंदींची परंपरा

दिल्लीच्या वास्तूंची नोंद करण्याची परंपरा जुनी आहे. सर सय्यद अहमद खान यांचा ‘आसार-उस-सनादीद’ हा ग्रंथ १८४७ मध्ये प्रसिद्ध झाला. दहाच वर्षांनी, १८५७ च्या उठावानंतर, शहराचा मोठा भाग पाडण्यात आला आणि या ग्रंथाचे महत्त्व अधिकच वाढले. राजधानी कोलकात्याहून दिल्लीला हलविण्याची घोषणा डिसेंबर १९११ मध्ये झाली. त्यानंतर मौलवी जफर हसन यांनी येथील स्मारकांची चार खंडांची सूची सिद्ध केली. ‘इंटॅक’ने १९९९ मध्ये प्रकाशित केलेल्या सूचीत सुमारे १,२०० वास्तूंचा समावेश आहे. यांपैकी केंद्र सरकारच्या संरक्षित यादीतील वास्तू पावणेदोनशेच्या आसपासच आहेत.

कायदा आणि वास्तव

केंद्रीय संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवीन बांधकामास मनाई असून, त्यापुढील २०० मीटरपर्यंत परवानगी घ्यावी लागते. तथापि, केवळ यादीत नाव असल्याने वास्तू सुरक्षित राहतेच असे नाही. देशातील ३,६९३ संरक्षित स्मारकांपैकी ५० स्मारके अस्तित्वात नसल्याची माहिती २०२२ मध्ये संसदीय समितीला देण्यात आली. त्यांतील १४ शहरीकरणामुळे नष्ट झाली, १२ जलाशयांत बुडाली आणि २४ स्मारकांचा ठावठिकाणाच लागला नाही. मार्च २०२४ मध्ये यादीतून वगळण्यासाठी निवडलेल्या १८ स्मारकांत दिल्लीतील बाराखंबा कब्रस्तानाचाही समावेश होता.

डिफेन्स कॉलनीतील ‘शेख अली यांची गुमटी’ या लोदीकालीन वास्तूचे भवितव्य मात्र निराळे ठरले. या वास्तूवर १९६० च्या दशकापासून तेथील रहिवासी संघटनेचा ताबा होता आणि तिचा वापर कार्यालय म्हणून होत असे. एका रहिवाशाच्याच याचिकेवरून प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोहोचले. न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये संघटना आणि पुरातत्त्व विभाग या दोहोंवर कठोर ताशेरे ओढले. वास्तूची हानी किती झाली आणि ती कितपत पूर्ववत करता येईल, हे तपासण्यासाठी न्यायालयाने नियुक्त केलेल्या तज्ज्ञ होत्या स्वप्ना लिडल. मार्च २०२५ मध्ये संघटनेला ४० लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश झाला.

नागरिकाची तक्रार आणि इतिहासकाराचे ज्ञान एकत्र आल्याने ही गुमटी विस्मृतीतून बाहेर आली. प्रत्येक वास्तूसमोर पहारेकरी उभा करणे कोणत्याही सरकारला शक्य नाही. मात्र, आपल्या घराजवळचा पडका घुमट कोणाचा आणि कोणत्या काळातील, हे ठाऊक असलेला रहिवासी तेथे उभी राहणारी नवी भिंत सर्वांत आधी पाहतो. वारसा फेरीतून असे जाणते रहिवासी घडतात.