‘जावळ’ : शब्द आणि लोकर

मांजरेकाठच्या कळंब परिसरासह दख्खनच्या पठारावर आढळणाऱ्या दख्खनी मेंढीची लोकर भरड व केसाळ असते. कोकराच्या पहिल्या कातरणीची लोकर मात्र मऊ. तिला ‘जावळ’ म्हणतात. अर्भकाच्या पहिल्या केसांसही हाच शब्द आहे, आणि हे साम्य केवळ लाक्षणिक नव्हे. पूर्वी कधीही न कातरलेल्या तंतूचे टोक निमुळते राहते. म्हणून जावळाची घोंगडी अंगास कमी बोचते. पुढील कातरणीच्या तंतूंची दोन्ही टोके कापलेली असतात. ते वस्त्र टिकाऊ खरे, पण त्याच्या स्पर्शाची सवय व्हावी लागते! ‘फर’ या शब्दाने जावळ व काराकुल यांस एकत्र गणणे सदोष होय. मध्य आशियातील काराकुल कोकराचे कुरळे कातडे जन्मानंतर काही दिवसांतच, त्याचा वध करून मिळवितात. जावळ उतरविल्यावर कोकरू कळपात परतते.